हृदयजन्य छातीदुखी आणि तिचे भेदनिदान : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छातीत दुखणे ही तक्रार जितकी सामान्य आहे तितकीच फसवी आहे. भातलावणीनंतर भरलेली उसण, रात्रीच्या जेवणानंतरची जळजळ, खोकल्याने धरलेली बरगडी आणि हृदयाच्या स्नायूला रक्त न मिळाल्याने उठलेली कळ या चारही वेदना माणूस छातीवर हात ठेवूनच सांगतो. यांपैकी तीन बहुधा आपोआप किंवा साध्या उपचाराने बऱ्या होतात. चौथी काही तासांत जीव घेऊ शकते. ही चौथी वेदना इतरांपासून वेगळी ओळखण्याची विद्या म्हणजे भेदनिदान होय.

या विद्येचा इतिहास सामान्यतः उपकरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. स्टेथोस्कोप, विद्युत्-हृदालेख आणि रक्तचाचणी असा त्याचा क्रम लावला जातो. तो क्रम खरा असला तरी अपुरा आहे. कोणतेही उपकरण रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी एक निर्णय झालेला असतो. हे दुखणे साधे आहे की दवाखान्यात जावे असे आहे, हा तो निर्णय होय. तो रुग्ण व त्याचे घरचे लोक घेतात आणि आपल्या भाषेतल्या शब्दांच्या आधारे घेतात. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यासारख्या डोंगराळ भागात या पहिल्या निर्णयाला विशेष महत्त्व प्राप्त होते. म्हणून प्रस्तुत निबंधात या विद्येचा इतिहास मुळशीच्या भूमीवर उभे राहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत : १) हृदयजन्य छातीदुखीच्या भेदनिदानातील प्रमुख ऐतिहासिक टप्प्यांचा आढावा घेणे; २) मराठी भाषेतील वेदनावाचक शब्दांचे निदानाच्या दृष्टीने महत्त्व तपासणे; ३) मुळशी तालुक्याच्या भौगोलिक व सामाजिक परिस्थितीत या इतिहासाचा अर्थ लावणे. अभ्यासपद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक असून प्रसिद्ध वैद्यकीय व चरित्रात्मक साहित्याचा आधार घेतला आहे.

मुळशी : भूगोल आणि अंतर

मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण पौड. तालुक्याच्या पूर्व भागात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि पिरंगुटचा औद्योगिक पट्टा आहे, तर पश्चिमेकडे सह्याद्रीची मुख्य रांग, ताम्हिणी घाट आणि त्यापलीकडे कोकण आहे. या दोन टोकांमध्ये मुळशी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने हाती घेतलेल्या या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात जो सत्याग्रह झाला तो सर्वश्रुत आहे. भाताची खाचरे पाण्याखाली गेली, गावे उठली, आणि जे लोक मागे राहिले त्यांच्या वाड्या जलाशयाच्या काठांवर व डोंगरउतारांवर विखुरल्या गेल्या.

आरोग्याच्या इतिहासात या घटनेची नोंद सहसा होत नाही. परंतु पाण्याने अंतराचे गणित बदलले हे लक्षात घ्यावयास हवे. सरळ रेषेत जवळ दिसणारे गाव जलाशयाला वळसा घालून गाठावे लागते. पावसाळ्यात घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस हा प्रवास आणखी कठीण करतो. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, बी. जे. वैद्यकीय शाळा १८७८ मध्ये सुरू झाली आणि १९४६ मध्ये तिचे महाविद्यालय झाले. कागदावर हे सर्व मुळशीच्या शेजारीच होते. प्रत्यक्षात धरणाच्या मागील बाजूच्या वाडीतून छातीत कळ आलेल्या माणसाला पुण्यास नेणे हे पिढ्यान्‌पिढ्या झोळी, बैलगाडी आणि नंतर एस.टी.च्या वेळापत्रकावर अवलंबून राहिले.

ग्रंथोक्त परंपरा : हृद्रोग आणि हृच्छूल

छातीतील वेदनांचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न भारतीय वैद्यकात फार जुना आहे. चरकसंहितेत हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पाच प्रकार सांगितले आहेत. कफज प्रकारात हृदयावर दगड ठेवल्याप्रमाणे जडपणा वाटतो, असे वर्णन आहे. पित्तज प्रकारात छातीत जळजळ, तोंडाला कडूपणा, आंबट ढेकर, घाम आणि मूर्च्छा ही लक्षणे एकत्र दिली आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हृच्छूलाचा स्वतंत्र उल्लेख असून त्यात श्वासाचा अवरोध हे लक्षण सांगितले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या वर्णनांत आजचा हृदयविकाराचा झटका जसाच्या तसा शोधणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही, कारण ते वर्गीकरण दोषांच्या तत्त्वावर आधारलेले आहे, रक्तवाहिन्यांच्या नव्हे. तथापि दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे ही उपमा आजही मराठी रुग्ण वापरतो आणि आधुनिक हृदयतज्ज्ञ तिला महत्त्वाचे लक्षण मानतो. दुसरी, जळजळ व आंबट ढेकर यांना घाम व मूर्च्छेच्या सोबतीने हृद्रोगातच स्थान दिले गेले. पुढील काळात लोकव्यवहारात पित्त म्हणजे पोटाचा विकार असा अर्थ रूढ झाला आणि ‘पित्त झाले आहे’ हे वाक्य हृदयाची शंका दूर सारण्यासाठी वापरले जाऊ लागले. ग्रंथातील पित्तज हृद्रोग मात्र नेमका याच्या उलट इशारा देतो.

हेबर्डन आणि चढणीची वेदना

पाश्चात्त्य वैद्यकात या वेदनेला स्वतंत्र ओळख दिली ती विल्यम हेबर्डन या लंडनच्या वैद्याने. १७६८ साली त्याने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे छातीच्या एका विकारावर निबंध वाचला. तो १७७२ मध्ये प्रसिद्ध झाला. चालताना, विशेषतः चढण चढताना व जेवणानंतर लगेच चालताना, छातीत गुदमरल्यासारखी वेदना उठते आणि थांबताच ती नाहीशी होते, हे त्याचे निरीक्षण होते. या विकारास त्याने ‘अँजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, वेदनेचे उगमस्थान हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आहे हे हेबर्डनला ठाऊक नव्हते. तो संबंध पुढे एडवर्ड जेन्नर व केलेब पॅरी यांनी जोडला. पॅरीचा ग्रंथ १७९९ चा आहे. म्हणजेच कारण कळण्यापूर्वीच, केवळ रुग्णाचे बोलणे नीट ऐकून, ही वेदना इतरांपासून वेगळी काढता आली. भेदनिदानाच्या इतिहासातील हा पहिला आणि आजही टिकून राहिलेला धडा होय.

परंतु या धड्याला मर्यादाही आहे. हेबर्डनच्या मरणोत्तर १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने असे सुमारे शंभर रुग्ण पाहिल्याचे नमूद केले असून त्यांत स्त्रिया केवळ तीन होत्या. ‘नमुनेदार’ वेदनेचे जे चित्र पुढे दोनशे वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकविले गेले, ते मुख्यतः पन्नाशी उलटलेल्या, वैद्याकडे जाऊ शकणाऱ्या इंग्रज पुरुषांवरून काढलेले होते.

मुळशीच्या संदर्भात हा मुद्दा अधिक टोकदार होतो. डोंगरावरील वाडीत राहणाऱ्या माणसाला चढण रोजचीच असते. तेथे हेबर्डनची कसोटी उत्तम लागू पडते. चढणीवर छाती भरून येते आणि दगडावर टेकले की बरे वाटते, असे सांगणारा शेतकरी नकळत १७६८ चाच निबंध वाचत असतो. याउलट दिवसभर खुर्चीत बसणारा, वाहनाने ये-जा करणारा हिंजवडीचा कर्मचारी कधी चढणच चढत नाही. त्याला हा पूर्वसंकेत मिळतच नाही. एकाच तालुक्यात एकच प्रश्न दोन माणसांना विचारून दोन भिन्न मोलाची उत्तरे मिळतात, ती या कारणाने.

गोखले यांचे उदाहरण

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक प्रसंग येथे उद्‌बोधक ठरेल. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी नामदार गोपाळ कृष्ण गोखले दिनशा वाच्छा यांच्यासमवेत इंग्लंडला निघाले असता, फ्रान्समधील कॅले येथे पडून त्यांच्या छातीला मार बसला. संकोची स्वभावामुळे त्यांनी ते दुखणे काही दिवस कोणास सांगितले नाही; वेदना असह्य झाल्यावर ते उघड झाले आणि त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. चरित्रकारांनी या अपघाताचे वर्णन हृदयाला झालेली इजा असे केले आहे. पुढे मधुमेह व हृदयविकार यांनी त्यांची प्रकृती ढासळली आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

१८९७ ची इजा बरगड्यांची की हृदयाची, आणि तिचा पुढील विकाराशी संबंध होता की नाही, याचा निवाडा आज करता येणार नाही. त्या काळात तो निवाडा करण्याचे साधनही नव्हते. आइन्टोव्हेनचे विद्युत्-हृदालेखाचे यंत्र अजून जन्माला यावयाचे होते. या प्रसंगाचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. उच्चविद्याविभूषित, विलायतेस निघालेला माणूसही छातीचे दुखणे दिवसेंदिवस लपवितो, यावरून दुखणे अंगावर काढण्याची वृत्ती ही अज्ञानातून येते असे सरसकट म्हणता येत नाही. दुसऱ्यास त्रास नको ही भावना तिच्या मुळाशी असते, आणि ती पौडच्या बाजारपेठेत आजही तितकीच जिवंत आहे.

अपचन की हृदय : विसाव्या शतकातील संभ्रम

विल्यम आइन्टोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केलेल्या यंत्रामुळे हृदयाच्या विद्युत्-स्पंदनांची रेषा कागदावर उमटू लागली. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९१० साली ओब्राझत्सोव्ह व स्त्राझेस्को यांनी रशियन साम्राज्यातील कीव्ह येथून, तर १९१२ साली जेम्स हेरिक यांनी शिकागो येथून, हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तरी रुग्ण जगू शकतो आणि जिवंतपणी त्याचे निदान होऊ शकते, हे दाखवून दिले. १९२० मध्ये हॅरल्ड पार्डी यांनी अशा झटक्यातील हृदालेखाचे वैशिष्ट्यपूर्ण रूप वर्णिले.

तथापि ज्ञान आणि व्यवहार यांत अंतर राहिलेच. १९२३ साली अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग आजारी पडले तेव्हा त्यांच्या वैद्याने ते अन्नविषबाधेवर घातले. काही दिवसांतच ते मरण पावले आणि आज ते मरण हृदयविकाराचे मानले जाते. २४ सप्टेंबर १९५५ च्या पहाटे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या छातीत दुखू लागले, तेव्हाही ते पोटाचे दुखणे म्हणून सांगितले गेले. हृदालेख काढला गेला तो दुपारी. ज्यांच्या दारात वैद्य चोवीस तास उभा होता त्यांचीही ही अवस्था होती. मग ‘गॅस धरला असेल, सोडा घे’ असे म्हणणाऱ्या मुळशीतील घरातल्या माणसांना दोष देणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार करावयास हवा. हृदयाच्या खालच्या भागाला इजा झाली की वेदना पोटाच्या वरच्या भागात जाणवते, मळमळ व उलटी होते; म्हणून हा संभ्रम शरीररचनेतच रुजलेला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्तचाचणीची भर पडली. १९५४ मध्ये एका यकृत-विकरावरून हृदयस्नायूची इजा ओळखण्याची पद्धत पुढे आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ट्रोपोनिनची चाचणी विकसित झाली आणि तिने निदानाला विलक्षण अचूकता दिली. परंतु ट्रोपोनिन रक्तात वाढण्यास वेळ लागतो आणि पहिला हृदालेख निर्दोष असला तरी झटका नाही असे सिद्ध होत नाही. म्हणून एकच चाचणी करून रुग्णास घरी पाठविणे धोक्याचे असते. ती ठरावीक वेळाने पुन्हा करावी लागते.

आणखी एक रूढ समजूत याच काळात मोडीत निघाली. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवून बरे वाटले तर दुखणे हृदयाचे, असा ठोकताळा डॉक्टरांतही प्रचलित होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ४५९ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात हृदयविकार असलेल्यांपैकी ३५ टक्के, तर नसलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांना त्या गोळीने आराम पडल्याचे आढळले. हीच गोष्ट आम्लनाशक औषधालाही लागू होते. औषधाने आलेला उतार हा निदानाचा पुरावा नव्हे.

मराठी वेदनाशब्द आणि निदान

१९६२ साली जेफ्री रोझ यांनी लोकसंख्येच्या पाहणीसाठी छातीदुखीची प्रमाणित प्रश्नावली तयार केली. ती जगभर अनेक भाषांत नेली गेली. असे भाषांतर करताना शब्दांचा प्रश्न उभा राहतो. मराठीत कळ, शूळ, ठणका, चमक, टोचणी, जळजळ, आवळल्यासारखे होणे, भरून येणे, उसण भरणे असे अनेक शब्द असून ते समानार्थी नाहीत. ‘चमक’ म्हणणारा रुग्ण क्षणिक, तीक्ष्ण वेदना सांगत असतो. श्वास घेताना किंवा कूस बदलताना ती वाढत असेल तर फुप्फुसाचे आवरण किंवा स्नायू यांकडे लक्ष जाते. ‘उसण’ म्हणणारा हालचालीशी जोडलेले दुखणे सांगतो. बोटाने दाबून नेमकी जागा दाखविता येणारे दुखणे बहुधा बरगडीचे असते. ‘आवळल्यासारखे’, ‘भरून आल्यासारखे’, ‘दगड ठेवल्यासारखे’ या शब्दांनी मात्र शंका हृदयाकडे वळावी. सोबत दरदरून घाम, धाप, आणि वेदना हात, खांदा, मान किंवा जबड्याकडे जाणे ही लक्षणे असतील तर ती शंका बळावते. पाठीकडे जाणारी, फाडल्यासारखी आकस्मिक वेदना महारोहिणी दुभंगल्याची असू शकते आणि तीही तितकीच प्राणघातक आहे.

यात एक अडचण आहे. अनेक रुग्ण ‘दुखते’ असे म्हणतच नाहीत. ‘जीव घाबरा होतो’, ‘कसेसेच होते’ असे म्हणतात. छातीत दुखते का, या प्रश्नाला ते ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देतात. अमेरिकेतील चार लाखांहून अधिक झटकाग्रस्तांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश रुग्णांना रुग्णालयात येताना छातीत वेदना नव्हती; त्यांत स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांचे प्रमाण अधिक होते. अशा रुग्णांना ‘अनमुनेदार’ म्हणण्याची प्रथा होती. २०२१ मध्ये अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी छातीदुखीविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा शब्द टाळून ‘हृदयजन्य’, ‘संभाव्य हृदयजन्य’ व ‘अहृदयजन्य’ असे शब्द सुचविले. हेबर्डनच्या शंभर रुग्णांतून निर्माण झालेल्या चित्राची ही उशिरा झालेली दुरुस्ती म्हणावी लागेल.

घाटापलीकडचा एक धडा

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरले की रायगड जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेले कार्य जगन्मान्य आहे. विंचूदंशाने मरणारा रुग्ण विषाने हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून मरतो, हे त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून टिपले. घाम, उलटी व थंड पडणारे हातपाय ही पूर्वचिन्हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. मोठ्या रुग्णालयाच्या साधनांविना, केवळ बारकाईने पाहून व ऐकून, हृदयाचा एक विकार वेगळा ओळखता आला. ग्रामीण महाराष्ट्रात भेदनिदानाची परंपरा निर्माण होऊ शकते याचे हे उत्तम प्रमाण आहे.

वेळेचा प्रश्न

या सर्व इतिहासाचे आजचे मोल वेळेत मोजावे लागते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित ‘क्रिएट’ अभ्यासात वेदना सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यवर्ती कालावधी ३६० मिनिटे आढळला. गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा लाभ पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. भारतीय रुग्णाचे ते तास घरीच संपतात. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखविल्याप्रमाणे दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर देशांच्या तुलनेत सुमारे सहा वर्षे अगोदर येतो. ‘अजून वय कुठे झाले’ हा युक्तिवादही त्यामुळे टिकत नाही.

२०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. पौड येथे ग्रामीण रुग्णालय आहे आणि तालुक्याच्या पूर्व भागात मोठी रुग्णालयेही उभी राहिली आहेत. साधनांचा हा विस्तार स्वागतार्हच आहे. परंतु रुग्णवाहिका येते ती कोणीतरी बोलावल्यावर, आणि बोलावण्याचा निर्णय शब्दांवर अवलंबून असतो.

निष्कर्ष

१) हृदयजन्य छातीदुखीचे भेदनिदान प्रथम श्रवणातून सिद्ध झाले, उपकरणे नंतर आली आणि त्यांनी श्रवणाची जागा घेतली नाही.

२) ‘नमुनेदार’ वेदनेची कल्पना विशिष्ट काळातील विशिष्ट रुग्णवर्गावरून घडली असल्याने स्त्रिया, मधुमेही व बैठे काम करणारे यांच्या बाबतीत ती अपुरी पडते.

३) अपचन व हृदयविकार यांतील संभ्रम हा ग्रामीण अज्ञानाचा परिणाम नसून विकाराच्या स्वरूपातच आहे. त्यामुळे घरच्या घरी त्याचा निवाडा करण्याचा आग्रह धरणेच चुकीचे होय. नवीन, न थांबणारी किंवा घाम व धाप यांसह येणारी छातीतील अस्वस्थता हृदयाचीच समजून तातडीने रुग्णालय गाठणे आणि तेथे पोहोचताच पहिल्या दहा मिनिटांत हृदालेख काढला जाणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

४) मराठीतील वेदनावाचक शब्दांचा पद्धतशीर अभ्यास हे भाषा, समाजशास्त्र व वैद्यक या तिन्ही शाखांच्या प्राध्यापकांनी मिळून करण्याजोगे काम आहे. आशा कार्यकर्त्या व प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचारी यांच्या प्रशिक्षणात असा शब्दसंग्रह उपयोगी पडेल.

शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या लोकांनी आपली जमीन वाचविण्यासाठी आवाज उठविला. तो ऐकला गेला नाही. जलाशयाच्या पलीकडच्या काठावरून आज जेव्हा कोणी ‘कसेसेच होते आहे’ एवढेच म्हणतो, तेव्हा ते ऐकणे व त्याचा अर्थ लावणे हे शास्त्राचे काम आहेच. पण ते शेजाऱ्याचे आणि शिक्षकाचेही आहे.